कथेत रंगणे आणि सोबतीची मौज : सहकारी व्हिडिओ-खेळांविषयी थोडे विवेचन

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कविता, कथा आणि प्रवासवर्णने यांना हक्काची जागा असते. व्हिडिओ-खेळांना ती असावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने हा वेळ घालवण्याचा प्रकार आहे आणि परीक्षेच्या तोंडावर तर तो अपराधच ठरतो. तरीही मी हा विषय मुद्दाम निवडला आहे. आमच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर जे वाद ऐकू येतात, त्यांतला एक वाद वरवर खेळाचा दिसतो; पण साहित्यशास्त्राच्या तासाला आम्ही जे शिकतो, त्याच्याशी त्याचे जवळचे नाते आहे, असे मला वाटते.

वाद असा. दोघे-तिघे मित्र मिळून एखादा कथाप्रधान खेळ खेळायला बसतात. एकाला कथा ऐकायची असते. पात्रे काय बोलतात, मागे काय घडले, पुढे काय होणार यांत त्याचे मन गुंतलेले असते. दुसऱ्याला मित्रांच्या संगतीत हसायचे असते, थट्टा करायची असते, दिवसभराचा शीण घालवायचा असते. पहिला म्हणतो, "थांब की रे, ऐकू तरी दे!" दुसरा म्हणतो, "ऐकायचंच होतं तर एकटा बसायचं होतंस की!" दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मग कथेत रंगणे आणि सोबतीची मौज या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात काय, आणि नांदत असतील तर कशाच्या बळावर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सहकारी खेळ म्हणजे काय?

ज्या खेळात दोन किंवा अधिक माणसे एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत, एकाच बाजूने एकच उद्दिष्ट गाठू पाहतात, त्याला मी येथे सहकारी खेळ म्हणत आहे. हा प्रकार नवा नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ च्या सुमारास 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, नुसता मजकूर होता; पण अनेक माणसे एकाच कल्पित जगात एकाच वेळी वावरू शकत होती. पुढे १९८५ साली 'गाँटलेट' हा नाण्यावर चालणारा खेळ आला. त्याच्या एकाच यंत्राभोवती चौघे उभे राहून योद्धा, वीरांगना, जादूगार आणि वनवीर अशी चार पात्रे चालवीत. कथा नावापुरती आणि आरडाओरडा मनसोक्त, असे त्याचे स्वरूप होते.

याच बार्टल यांनी १९९६ साली एका लेखात खेळणाऱ्यांचे चार वर्ग पाडले. काहींना यश मिळवायचे असते, काहींना ते जग धुंडाळायचे असते, काही दुसऱ्यांच्या सहवासासाठी येतात आणि काहींना दुसऱ्यांवर कुरघोडी करण्यात आनंद वाटतो. बार्टल यांचा मुद्दा असा, की एका वर्गाची संख्या वाढली की दुसऱ्या वर्गावर त्याचा परिणाम होतो. आमच्या वसतिगृहातला वाद याच जातीचा आहे. धुंडाळणारा आणि सहवासासाठी आलेला असे दोन जीव एकाच पडद्यासमोर बसले, की कुठे ना कुठे ठिणगी उडायचीच.

अभिनवगुप्तांची मदत

हजार वर्षांपूर्वी काश्मीरात होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्रावरील आपल्या 'अभिनवभारती' या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. ती सगळी येथे मांडण्याचे कारण नाही. आपल्या कामाची तीन आहेत. पहिले, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे. असा माणूस नाटकाला येतो, पण मन घरी ठेवून येतो. दुसरे, नाट्यवस्तू स्पष्टपणे प्रतीत न होणे. तिसरे, प्रधान गोष्ट बाजूला पडून गौण गोष्टच पुढे येणे.

मित्रांबरोबर खेळताना ही तिन्ही विघ्ने एकदम अंगावर येतात. एकाला मॅच हरल्याचे दुःख असते, दुसऱ्याला कॅंटीनमधला विनोद सांगायचा असतो; हे झाले पहिले विघ्न. चौघांच्या गलक्यात पडद्यावरचे इंग्रजी संवाद बुडून जातात, हे दुसरे. आणि कथेतला नायक मरणाच्या दारात असताना कोणीतरी त्याच्या टोपीवर शेरा मारतो आणि टोपीच सगळ्यांच्या लक्षात राहते, हे तिसरे.

परंतु अभिनवगुप्तांची खरी मौज पुढे आहे. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकाला हाकलून द्या, असे ते म्हणत नाहीत. गीत, वाद्य, नृत्य, सजवलेला मंडप अशा साधनांनी त्याचे मन ओढून घ्यावे, हा त्यांचा उपाय आहे. शिवाय सर्व प्रेक्षकांची प्रतीती एकजीव झाली, तर रसाला अधिकच पुष्टी मिळते, असेही त्यांनी सांगितले आहे. म्हणजे शेजारी माणूस असणे हे मुळात विघ्न नव्हेच. तो शेजारी ज्या दिशेने पाहत आहे, त्या दिशेवर सारे अवलंबून आहे. हे एकदा ध्यानात घेतले, की वादाचे निम्मे काम होते.

बोलण्याचे तीन प्रकार

हा विचार खेळाला लावून पाहताना मला बोलण्याचे तीन प्रकार दिसले. एक, कामाचे बोलणे : "तू डावीकडून ये, मी दार धरतो." दोन, कथेचे बोलणे : "हा म्हातारा खोटं बोलतोय, बघ." तीन, बाहेरचे बोलणे : "उद्या प्रॅक्टिकल आहे काय रे?" पहिले दोन प्रकार खेळाच्या जगाच्या आतले आहेत, तिसरा बाहेरचा आहे. तिसऱ्याला बंदी घालावी असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्यासाठीच तर मित्र जमतात. चांगला सहकारी खेळ काय करतो? तो कामाच्या बोलण्याला कथेचे बोलणे बनवतो आणि बाहेरच्या बोलण्याला कथेला धक्का न लावता जागा करून देतो. हे कसे साधते, ते काही प्रसिद्ध खेळांवरून पाहू.

काही उदाहरणे

(१) 'इट टेक्स टू' हा खेळ स्वीडनमधील हेझलाइट या संस्थेने २०२१ साली काढला. दिग्दर्शक जोसेफ फारेस हे आधी चित्रपट-दिग्दर्शक म्हणून पुढे आलेले. हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही. घटस्फोट घ्यायला निघालेले एक जोडपे, कोडी आणि मे, आपल्या मुलीच्या अश्रूंमुळे दोन लहानशा बाहुल्या होऊन जाते आणि पुन्हा माणूस होण्यासाठी त्यांना एकमेकांच्या मदतीने वाट काढावी लागते. एका भागात नवऱ्याकडे खिळे असतात, तर बायकोकडे हातोडीचे डोके. त्याने खिळा भिंतीत मारावा, तिने त्याला लटकून झोका घेऊन पलीकडे जावे. येथे "अरे, खिळा मार लवकर!" हे वाक्य तुम्ही मित्राला म्हणता, पण तेच वाक्य मेने कोडीला म्हटले असते! कामाचे बोलणे आणि कथेचे बोलणे यांत फरकच उरत नाही. दोघांत सहकार्य जुळणे हाच कथेचा विषय आहे आणि खेळण्याची कृतीही तीच आहे. शिवाय वाटेत जागोजाग छोटे चढाओढीचे खेळ पेरून ठेवले आहेत. कथेचा प्रसंग संपला की त्यांत जाऊन मित्राला हरवावे, चिडवावे, मग पुढे निघावे.

(२) याच संस्थेच्या २०१८ सालच्या 'अ वे आउट' या खेळात दोन कैदी तुरुंगातून पळतात. पडदा बहुतेक वेळ दोन भागांत विभागलेला असतो. एकजण कोणाशी बोलत असता दुसरा मोकळा हिंडू शकतो, आणि प्रसंग महत्त्वाचा असेल त्याप्रमाणे पडद्याची विभागणीही बदलते. नाटकात प्रकाशझोत जे काम करतो, तेच येथे ही विभागणी करते. प्रधान काय आणि गौण काय, हे न बोलता सांगितले जाते. तिसऱ्या विघ्नावरचा हा उपाय म्हणता येईल. या खेळाचा शेवट सांगून मी वाचकांचा रसभंग करणार नाही. दोन खेळाडूंच्या मैत्रीचा त्यात फार हुशारीने उपयोग केला आहे, एवढेच सांगतो.

(३) 'पोर्टल २' या २०११ सालच्या खेळाच्या सहकारी भागात दोन यंत्रमानव आहेत. ते माणसासारखे बोलत नाहीत, नुसते चिवचिवाट केल्यासारखे आवाज काढतात. बोलते ती त्यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रबुद्धी. ती एकाची स्तुती करते, दुसऱ्याला टोमणा मारते आणि दोघांत फूट पाडू पाहते. पात्रे मुकी असल्यामुळे खेळाडूंचे बोलणे कोणाच्याही संवादावर आदळत नाही. उलट तिचा टोमणा ऐकून दोघे मित्र हसतात, भांडतात आणि ते हसणे-भांडणेच कथेचा भाग होऊन जाते.

(४) 'लेफ्ट फोर डेड' हा २००८ सालचा चौघांचा खेळ. भोवती पिसाळलेल्या माणसांच्या झुंडी आणि मधून निसटून जाणारे चारजण, एवढीच कथा. यात 'दिग्दर्शक' नावाची एक योजना आतल्या आत काम करते. खेळाडूंवर ताण किती पडला आहे याचा ती अंदाज घेते. ताण शिगेला पोचला की हल्ला थांबवून थोडी उसंत देते. या उसंतीत चौघे श्वास टाकतात, एकमेकांची चेष्टा करतात. कथेचे म्हणाल, तर ती लांब भाषणांतून सांगितलेलीच नाही. सुरक्षित खोल्यांच्या भिंतींवर आधी येऊन गेलेल्या लोकांनी खरडलेल्या ओळी असतात. ज्याला वाचायच्या त्याने वाचाव्यात. बाकीच्यांनी गोळ्या भराव्यात.

(५) शेवटचे उदाहरण अगदी उलट टोकाचे. २०१२ साली जेनोव्हा चेन यांच्या दिग्दर्शनाखाली 'जर्नी' हा खेळ निघाला. वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे जाणारा एक वाटसरू. वाटेत दुसरा कोणी अनोळखी वाटसरू भेटतो. तो जगात कोठेतरी बसलेला खराच माणूस असतो. पण त्याचे नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक सुरेल साद घालता येते. दोघे जवळ आले की दोघांच्याही उपरण्यात उडण्याचे बळ भरते. खेळ घडवताना असे दिसले, की खेळाडूंना एकमेकांना ढकलता आले तर ते ढकलतात. म्हणून धक्का लागण्याची सोयच काढून टाकली गेली. माणसे मुळात वाईट असतात म्हणून ती ढकलतात असे नाही. ढकलले की काहीतरी घडते, म्हणून ढकलतात. ज्या कृतीला खेळ प्रतिसाद देतो, ती कृती खेळाडू करीत राहतो. बाहेरचे बोलणे पूर्णपणे काढून टाकूनही सोबत शिल्लक राहते, किंबहुना अधिक गहिरी होते, हे या खेळाने दाखवले.

आपल्याकडची जुनी व्यवस्था

हे सारे वाचून 'यात नवे काय?' असे कोणी म्हणेल, तर त्याचे म्हणणे निराधार नाही. आपल्या लोकरंजनाने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. तमाशात गण, गौळण आणि बतावणी झाल्यावर वग येतो. सोंगाड्याची हजरजबाबी थट्टा, प्रेक्षकांशी सलगी, गावातल्या गोष्टींवर टोले, यांना आधी मोकळे रान मिळते आणि मग कथा उभी राहते. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये नामगजर होतो, बुवांना बुक्का लावून हार घालतात, श्रोते सावरून बसतात आणि मग आख्यान सुरू होते. संगीत नाटकात मात्र 'वन्समोअर'ने भर प्रसंगात कथा थांबे. शोकाकुल नायिका तेच पद पुन्हा म्हणे आणि कोणाला त्यात वावगे वाटत नसे. पहिल्या दोन प्रकारांत मौजेला स्वतंत्र जागा आहे, तिसऱ्यात ती कथेच्या मधोमध घुसते. व्हिडिओ-खेळ रचणारेही याच पर्यायांमध्ये निवड करीत असतात. 'इट टेक्स टू'मधले छोटे खेळ मला बतावणीच्या जातीचे वाटतात.

मागे राहणारा माणूस

आतापर्यंत खेळ रचणाऱ्यांचा विचार केला. परंतु उत्तमात उत्तम खेळही एक अडचण सोडवू शकत नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दोघांची वाचण्याची, ऐकण्याची गती सारखी नसते.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. माझा खोलीतला सोबती अथणी तालुक्यातला, मातृभाषा कन्नड, शिक्षण इंग्रजी माध्यमात. आम्ही दोघांनी 'डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन' हा खेळ घेतला. मूळ खेळ २०१४ सालचा. यात संवादांचा डोंगर आहे. विशेष म्हणजे एखाद्या निर्णयावर दोन खेळाडूंच्या पात्रांचे मतभेद झाले, तर दगड-कागद-कात्रीसारख्या डावाने निकाल लावण्याची सोय आहे. भांडणालाच कथेत स्थान देण्याची ही युक्ती मला फार आवडली. पण मत बनवायला आधी मजकूर समजला पाहिजे. माझे निम्मे वाचून होई तोवर सोबत्याने बटण दाबलेले असे. तीन-चार रात्री मी लढाईत त्याच्या खांद्याला खांदा लावून होतो. पण कोणासाठी लढतो आहोत, हे मला धड ठाऊक नव्हते. कथा त्याची आणि हमाली माझी, असा तो प्रकार झाला. मी ते त्याला सांगितले. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मग बटण तूच धर की!"

त्या दिवसापासून संवादाचे बटण माझ्या हाती आले. तो मोठ्याने वाची आणि अडलेला शब्द आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत सांगे. मला जे कळले, ते मी सांगे. गंमत अशी, की कित्येकदा शब्द त्याला ठाऊक असत, पण पात्राच्या बोलण्यातला वाकडा अर्थ मला आधी लागे. वेग अर्ध्यावर आला, हे खरे. पण आमचे बोलणे वाढले आणि ते जवळजवळ सगळे कथेविषयीचे होते. माझ्या भाषेत त्याच्या काही म्हणी आल्या, त्याच्या भाषेत माझ्या गेल्या.

येथे मला एक गोष्ट ठामपणे सांगाविशी वाटते. सोबत खेळताना जो मागे पडतो, तो बहुधा बोलत नाही. तो हसण्यात हसू मिसळतो, 'हो' म्हणतो आणि हळूहळू फक्त हात चालवणारा माणूस होतो. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपल्याला हे दृश्य नवे नाही. वर्गात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत असा हसत बसलेला माणूस आपण पाहिलेला असतो. म्हणून कथा आणि मौज यांचा तोल साधायचा, तर पहिली काळजी त्या माणसाची घेतली पाहिजे.

काही व्यवहार्य सूचना

माझ्या आणि मित्रांच्या अनुभवावरून पुढील गोष्टी उपयोगी पडतात असे दिसले.

(१) खेळ निवडण्याआधी संध्याकाळ कशासाठी आहे ते ठरवावे. चौघे दमून आले असतील, तर 'लेफ्ट फोर डेड'च्या जातीचा खेळ घ्यावा. कथेचा डोंगर दोघांसाठी राखून ठेवावा. माणसे वाढतात तशी कथा पातळ होते.

(२) कथेचा प्रसंग सुरू झाला की कंट्रोलर खाली ठेवावा. हात मोकळे झाले की तोंडही आपोआप थांबते. प्रसंग संपताच मनसोक्त बोलावे. बोलू नका म्हणण्यापेक्षा केव्हा बोलायचे ते ठरवणे सोपे जाते.

(३) संवाद पुढे सरकवण्याचे बटण ज्याची गती कमी, त्याच्या हाती द्यावे. सबटायटल्स नेहमी चालू ठेवावीत.

(४) एकाने खेळ आधी खेळलेला असेल, तर त्याने वाटाड्या न होता मागून चालावे. पुढचे सांगण्याचा मोह आवरणे हीच त्याची मैत्री.

(५) दर वेळी बसताना 'मागे काय झाले' हे थोडक्यात सांगावे आणि ते ज्याला कथा कमी कळली असेल त्याने सांगावे. चुकले तर दुसरा सुधारतो. दोघांची कथा एक होते.

समारोप

सारांश असा. कथेत रंगणे आणि सोबतीची मौज यांत जन्मजात वैर नाही. बोलणे कथेच्या दिशेने वळले की ते रसाला पोषक होते. बाहेरच्या बोलण्याला योग्य ठिकाणी जागा दिली की तेही सुसह्य होते. काही काम खेळ रचणारे करतात : पात्रांना मुके ठेवून, पडदा विभागून, उसंत देऊन, किंवा दोघांच्या सहकार्यालाच कथेचा विषय करून. उरलेले काम आपले आहे आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. शेजारी बसलेल्याला कळले काय, एवढे विचारले तरी पुरते.

आमचे प्राध्यापक रसविघ्नांवर टिपा लिहायला सांगतात, तेव्हा आम्ही भरतमुनींच्या रंगमंडपापर्यंत जाऊन परत येतो. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरात आपल्या खोलीतल्या पडद्याचेही उदाहरण द्यावे. ते शास्त्राला सोडून होणार नाही. कन्नड विभागातील मित्रांपैकी कोणी हाच विषय यक्षगान किंवा श्रीकृष्ण पारिजात यांच्या अंगाने पुढच्या अंकात मांडला, तर मला ते वाचायला आवडेल. अडलेले शब्द विचारायला सोबती आहेच.